गाय, बैल, शेळी की कुत्रा? जनावरांचा विमा निवडताना मोबाईलवर काय तपासायचं

इन्स्टाग्रामवर कुत्र्यांचे रील बघत बसलात की दोन-चार रीलनंतर 'पेट इन्शुरन्स'ची जाहिरात हमखास येते. गोल्डन रिट्रीव्हर, सोफा, हसणारं कुटुंब आणि खाली 'दिवसाला फक्त इतके रुपये'. ही जाहिरात तुम्ही खापरमध्ये बसून बघत असाल, तर डोक्यात पहिला प्रश्न येतो : हे आपल्यासाठी आहे का?

खापर म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचं, गुजरातच्या सीमेजवळचं गाव. इथे दारात कुत्रा असतोच, पण घराचा पैसा अडकलेला असतो गोठ्यात. बैलजोडी, एखादी दुभती गाय किंवा म्हैस, पाच-सात शेळ्या. ऐन पेरणीत एक बैल गेला तर दुसरा नुसता उभा राहतो आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी उधारी सुरू होते. त्यामुळे या लेखात आपण कुत्र्या-मांजराचा विमा बघणारच आहोत, पण आधी गोठ्याचा बघू. बऱ्याच घरांत फॉर्म भरणं, फोटो काढणं, ओटीपी सांगणं ही कामं घरातल्या तरुण पोराकडे किंवा पोरीकडेच येतात. म्हणून हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

नाव एकच, वस्तू दोन

जनावरांच्या विम्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

पहिला पशुधन विमा. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी यांच्यासाठी. यात पैसे मिळतात ते मुख्यतः जनावर मेल्यावर. आजारपणाचं बिल, सलाईन, डॉक्टरांची फी यातलं सहसा काहीच मिळत नाही. काही पॉलिसींत जास्तीचा हप्ता भरून कायमचं अपंगत्व जोडता येतं, म्हणजे बैल कायमचा कामातून गेला किंवा गाय कायमची दूध द्यायची बंद झाली तर.

दुसरा पेट इन्शुरन्स, कुत्र्या-मांजरांसाठी. यात मुख्य भाग उपचाराच्या खर्चाचा असतो : ऑपरेशन, दवाखान्यात ठेवणं. बाकीचं, म्हणजे मृत्यू, हरवणं, चोरी, कुत्रा कुणाला चावला तर द्यावी लागणारी भरपाई, हे पॉलिसीप्रमाणे जोडलं जातं.

हा फरक डोक्यात पक्का ठेवा. गायीचा विमा काढून 'उपचाराचे पैसे का देत नाही' म्हणून भांडणारे आणि कुत्र्याची पॉलिसी घेऊन 'मेला तर पैसे मिळतील' असं गृहीत धरणारे, दोघांचीही निराशा इथेच होते.

सगळ्यात आधी कानातला टॅग

पॉलिसी जनावराच्या नावावर निघते असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती निघते एका नंबरवर. गाय-म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर 12 अंकी नंबर असतो. हा नंबर 'भारत पशुधन' या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदणीत मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. म्हणून त्याला पशू आधार असंही म्हणतात. नंबर देशभर एकच, त्यामुळे सीमेपलीकडच्या सागबारा-डेडियापाड्याकडून आणलेल्या गायीच्या कानात आधीच टॅग असेल तर तोच चालतो. फक्त नोंदणीत मालक बदलून घ्यावा लागतो. हे काम बहुतेक लोक विसरतात. गाय तुमच्या गोठ्यात, हप्ता तुमच्या खिशातून आणि नोंदणीत नाव जुन्या मालकाचं! असा क्लेम अडकणारच.

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून टॅग नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री आणि बाजारातली ने-आण बंद करण्याचा निर्णय झाला. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा जंगली प्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर सरकारी मदतीलाही टॅग लागतो. म्हणजे विमा काढा वा काढू नका, टॅगपासून सुटका नाही.

विमा कंपन्यांचा याबाबतचा नियम चार शब्दांचा आहे : 'नो टॅग, नो क्लेम'. मेलेल्या जनावराच्या कानात टॅग नसेल तर 'हीच ती गाय' हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं. टॅग झाडाझुडपात अडकून पडतो, कान फाटतो, कधी दुसरं जनावर ओढतं. टॅग पडल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात दवाखान्यात नवा मारून घ्या आणि नवा नंबर विमा कंपनीला लेखी कळवा. ईमेल किंवा कंपनीच्या अधिकृत व्हॉट्सॲप नंबरवर पाठवलेला मेसेज जपून ठेवा. एजंटला फोनवर 'सांगितलं होतं' याला पुरावा नसतो.

विमा काढताना दोन फोटो लागतात : एक मालक आणि जनावर एकत्र, दुसरा टॅगचा नंबर स्पष्ट दिसेल असा. हे फोटो मोबाईलच्या मूळ कॅमेऱ्याने, लोकेशन चालू ठेवून काढा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि त्यातली तारीख-वेळ-ठिकाणाची माहितीही निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. मूळ फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत गुगल ड्राइव्हवर टाका. डोंगराकडच्या पाड्यांवर नेटवर्क कधी येतं कधी नाही, म्हणून फोटो आधीच काढून ठेवलेले चांगले.

15 टक्के कुणाला भरावे लागतात?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात पशुधन विम्याला अनुदान आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने यात मोठा बदल केला. आधी पशुपालकाला हप्त्यातले 20, 30, 40, कधी 50 टक्के भरावे लागायचे. आता पशुपालकाचा हिस्सा 15 टक्के. उरलेला भाग केंद्र आणि राज्य मिळून भरतात, महाराष्ट्रासारख्या राज्यात 60:40 या प्रमाणात. लहान जनावरांच्या बाबतीत मर्यादाही 5 वरून 10 'पशुधन एकक' झाली. 10 शेळ्या-मेंढ्या म्हणजे एक एकक, म्हणजे हिशेबाने 100 शेळ्यांपर्यंत.

उदाहरण घेऊ. समजा गायीची किंमत 45,000 रुपये लावली आणि हप्त्याचा दर 4 टक्के आहे (हा दर फक्त हिशेबासाठी घेतलाय, तुमच्याकडचा दर विचारून घ्या). पूर्ण हप्ता झाला 1,800 रुपये. त्यातले 15 टक्के म्हणजे 270 रुपये तुमचे. हाच विमा थेट बाजारातून, अनुदानाशिवाय काढला तर पूर्ण 1,800 तुम्हीच भरणार. म्हणून गोठ्यासाठी कंपन्यांची तुलना करत बसण्याआधी एक प्रश्न विचारायचा : यंदा आपल्या तालुक्यात अनुदानाचा विमा सुरू आहे का? राज्यात ही योजना महाराष्ट्र पशुधन विकास मंडळामार्फत चालते आणि कोणती विमा कंपनी हे सरकारी पातळीवर ठरतं. वर्षाचं उद्दिष्ट संपलं की थांबावं लागतं. त्यामुळे चौकशी करायची ती तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, पशुधन विकास अधिकारी किंवा पर्यवेक्षकांकडे. गुगलवर सापडलेल्या 'योजना अर्ज' लिंकवर करू नका.

एक वर्षाची पॉलिसी घ्यावी की तीन वर्षांची? माझं मत : दुभत्या गायीसाठी तीन वर्षांची मिळत असेल तर ती. दरवर्षी नूतनीकरणाची तारीख विसरण्याचा धोका जातो, आणि नव्याने सुरू होणारा वेटिंग पिरियडही टळतो. दिवाळीनंतर विकायचा विचार असलेल्या बैलासाठी मात्र एक वर्ष पुरे.

किंमत किती लावायची, यावर अडून बसा

पशुधन विम्यात विमा रक्कम म्हणजे जनावराची बाजारभावाची किंमत. ती पशुपालक आणि कंपनी मिळून ठरवतात, शक्यतो पशुवैद्यकासमोर. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत किमान किमतीचा एक आधार दिला आहे : गायीसाठी दिवसाच्या दर लिटर दुधामागे 3,000 रुपये, म्हशीसाठी 4,000 रुपये, नाहीतर स्थानिक बाजारातला सरकारने जाहीर केलेला भाव. म्हणजे 8 लिटर देणारी गाय किमान 24,000 ची. बाजारात तीच गाय 45,000 ला मिळत असेल आणि घाईत 24,000 लिहिले गेले, तर हप्त्यात तुमचे शंभर-सव्वाशे रुपये वाचतील आणि गाय गेल्यावर 21,000 कमी मिळतील. उलटंही करू नका. 45,000 ची गाय 70,000 ला दाखवली तर क्लेमच्या वेळी कंपनी मृत्यूच्या वेळची बाजारभावाची किंमत बघू शकते, आणि जास्त भरलेला हप्ता वाया जातो.

बैल आणि शेळ्यांना लिटरचा हिशेब लागू नाही, तिथे वय, दात, वजन यावर बोलणी होतात. जनावर बाजारातून घेतलं असेल तर खरेदीची पावती जपा. किंमत ठरवताना तीच तुमच्या बाजूने बोलते.

वयाची अटही इथेच तपासायची. साधारणपणे गायी 2 ते 10 वर्षं, म्हशी 3 ते 12, बैल 3 ते 12 या पट्ट्यात विमा देतात. कंपनीप्रमाणे यात थोडा फरक पडतो. म्हातारा बैल कितीही लाडका असला तरी पॉलिसीत बसत नाही.

काय मिळत नाही, ते आधी वाचा

पॉलिसीची पीडीएफ 20-30 पानांची आणि इंग्रजीत असते. पूर्ण वाचायला कुणालाच होत नाही. पीडीएफ उघडा, वरचं भिंगाचं चिन्ह दाबा आणि इंग्रजीत 'एक्सक्लूजन', मग 'वेटिंग' हे शब्द शोधा. ती दोन-तीन पानं आधी वाचा. अडलं तर गुगल लेन्सने मराठी भाषांतर करून बघा. भाषांतर ओबडधोबड येतं, पण कुठे खोचक अट आहे एवढं कळतं.

पशुधन विम्यात साधारण या गोष्टी बाहेर असतात. पॉलिसी सुरू होण्याआधीचा आजार. पहिल्या 15 दिवसांत झालेला आजार (अपघात मात्र पहिल्या दिवसापासून धरतात). चोरी, हरवणं, लपूनछपून विक्री. मालकाने मुद्दाम केलेली इजा. गावठी, अशिक्षित माणसाकडून करून घेतलेले उपचार. शेवटची अट आपल्याकडे सगळ्यात जास्त नडते. रात्री गाय फुगली, डॉक्टर दूर, म्हणून कुणीतरी येऊन सुई टोचतो आणि सकाळी गाय जाते. कंपनीला नाकारायला एवढं कारण पुरतं. अशा वेळी 1962 वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर तोच. पथक यायला वेळ लागला तरी तुम्ही फोन केल्याची नोंद राहते.

लसीकरणाची अटही बघा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांनी मृत्यू झाला तर 'लस दिली होती का' हा पहिला प्रश्न येतो. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर देतात आणि हे आजार येतातही पावसाळ्यातच. त्यात 15 दिवसांचा वेटिंग पिरियड जोडा. म्हणजे या भागात विमा काढायचा तर मे महिन्यात काढलेला सगळ्यात फायद्याचा. जुलैत गोठ्यात साथ शिरल्यावर पॉलिसीसाठी धावपळ करून उपयोग नाही.

आणखी एक अट ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी. बैल सोबत नेत असाल तर पॉलिसीत प्रवासावर आणि ठिकाणावर काय लिहिलंय ते आधी पाहा आणि कंपनीला पत्ता बदलल्याचं कळवा. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन किराळ लागणं, फवारणीच्या औषधाने विषबाधा, साप चावणं, वीज पडणं यांबद्दल पॉलिसी काय म्हणते तेही थेट विचारा. पट्ट्यात कापूस आणि ज्वारी असताना हे प्रश्न कल्पनेतले नाहीत.

सरकारी मदत आहे की, मग विमा कशाला?

हा प्रश्न घरातले मोठे हमखास विचारतात, आणि तो चुकीचा नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत वीज, पूर अशा आपत्तीत दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये, बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये मदत आहे. बिबट्याने जनावर मारलं तर वनविभाग वेगळी भरपाई देतो. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्य सरकारने गायीला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले.

पण नीट बघा. ही मदत ठरावीक कारणांसाठी, ठरावीक रकमेची आणि ठरावीक जनावरांपुरती आहे. लम्पीची मदत त्या साथीपुरती होती. गाय बाळंतपणात गेली, विहिरीत पडली, पोट फुगून गेली तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि जनावरं बहुतेक वेळा अशाच साध्या कारणांनी जातात. शेळीच्या 4,000 रुपयांत आज चांगली शेळी येत नाही, हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. म्हणून विमा घ्यायचा तो या साध्या कारणांसाठी. वीज आणि बिबट्या हे त्यातले दोनच प्रसंग.

सगळ्या जनावरांचा विमा परवडत नसेल तर कुणाचा काढायचा? जे गेल्यावर घराची कमाई थांबते त्याचा. दुभती म्हैस आणि कामाचा बैल आधी, भाकड गाय नंतर.

आता कुत्रा-मांजर

भारतात कुत्र्याचा विमा नवा नाही. सरकारी विमा कंपन्यांकडे तो फार पूर्वीपासून आहे. पण ऑनलाइन, जाहिरातींसह आणि उपचारखर्चासह तो गाजला 2020 नंतर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बजाज अलियान्झने कुत्र्यांसाठी पॉलिसी आणली. ऑपरेशन आणि दवाखान्याचा खर्च हा मूळ भाग, वर मृत्यू, गंभीर आजार, ओपीडी, चोरी-हरवणं, तिसऱ्या व्यक्तीची भरपाई असे जोड-भाग. पुढे इतर कंपन्याही आल्या.

खापरसारख्या गावातून अशी पॉलिसी घेताना पहिला प्रश्न हप्त्याचा नसून दवाखान्याचा आहे. पाय मोडलेल्या कुत्र्याचा एक्स-रे आणि ऑपरेशन तुम्ही कुठे करणार? नंदुरबारला, की थेट सुरतला? बहुतेक पेट पॉलिसी आधी तुम्ही पैसे भरा, मग बिल लावून मागा, अशा पद्धतीने चालतात. म्हणजे हातात रोख रक्कम लागतेच. डॉक्टर नोंदणीकृत पाहिजे आणि बिल छापील पाहिजे. चिठ्ठीवर लिहिलेले '2,500 मिळाले' चालत नाहीत.

दुसरं, ओळख. कुत्र्याच्या कानात टॅग नसतो. त्याच्या जागी कातडीखाली बसवलेली तांदळाएवढी मायक्रोचिप असते, तिच्यात 15 अंकी नंबर असतो. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात सूट देतात. चिप नसेल तर फोटो, रंग, खुणा यांवर काम चालवतात. गावठी कुत्र्याचा विमा निघतो का? काही कंपन्या देतात, पण 'जात' या रकान्यात खरं तेच लिहा. रुबाबासाठी 'लॅब्राडॉर' लिहिलं की क्लेमच्या वेळी तोच शब्द गळ्याशी येतो.

तिसरं, लस. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांसारखे लसीने टळणारे आजार, लस दिलेली नसेल तर जवळपास सगळीकडे बाहेर असतात. स्पष्ट सांगायचं तर गावातल्या मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यासाठी आधी दरवर्षी रेबीजची लस, मग उरलेल्या पैशांत विम्याचा विचार. शेत राखणारा कुत्रा असेल तर 'कामाचा कुत्रा' चालतो का हे विचारा. शिकार, शर्यत, झुंज, पैशांसाठी प्रजनन हे सहसा बाहेर असतं.

जाता जाता : शहादा तालुक्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. घोड्यांचाही विमा निघतो आणि तिथेही मुद्दा ओळखीचाच असतो. दोन पांढरे घोडे कागदावर सारखेच दिसतात.

दोन पॉलिसी समोरासमोर ठेवून

समजा कुत्र्यासाठी दोन पॉलिसी आहेत (आकडे काल्पनिक, फक्त पद्धत कळण्यासाठी). 'अ'चा हप्ता 2,400, विमा रक्कम 50,000, पण 20 टक्के को-पे आणि एका आजाराला जास्तीत जास्त 10,000. 'ब'चा हप्ता 3,600, विमा रक्कम 40,000, को-पे नाही, आजाराला वेगळी मर्यादा नाही, फक्त प्रत्येक क्लेमला पहिले 2,000 तुमचे.

ऑपरेशनचं बिल आलं 28,000. 'अ'मध्ये 20 टक्के वजा जाता 22,400 उरतात, पण मर्यादा 10,000 ची, म्हणून हातात 10,000. 'ब'मध्ये 26,000. वरच्या मोठ्या अक्षरातल्या आकड्यांत 'अ' स्वस्तही होती आणि 50,000 चीही होती!

को-पे म्हणजे बिलातला तुमचा टक्केवारीचा वाटा. डिडक्टिबल म्हणजे सुरुवातीची ठरावीक रक्कम जी तुम्हीच भरायची. सब-लिमिट म्हणजे एका आजाराला किंवा एका प्रकारच्या खर्चाला लावलेली आतली मर्यादा. तुलना करणाऱ्या वेबसाइट हप्ता आणि विमा रक्कम ठळक दाखवतात, हे तिन्ही शब्द मात्र आत कुठेतरी असतात. मोबाईलच्या नोट्समध्ये एकच काल्पनिक बिल लिहा आणि प्रत्येक पॉलिसी त्या बिलावर चालवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

हीच युक्ती गोठ्यासाठी : 'गाय विहिरीत पडली', 'बैलाचा पाय कायमचा गेला', 'घटसर्पाने म्हैस गेली' असे तीन प्रसंग लिहा आणि प्रत्येक पॉलिसी प्रत्येक प्रसंगात किती देते ते समोर मांडा. बैलाच्या बाबतीत दुसऱ्या प्रसंगाचं उत्तर 'शून्य' येत असेल तर कायमच्या अपंगत्वाचा जोड-भाग घ्यायचा की नाही ते ठरवा.

प्रत्येक पॉलिसीसोबत 'कस्टमर इन्फर्मेशन शीट' नावाचा छोटा सारांश द्यावा असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे. तो मागा, मराठीतही मागून बघा.

पैसे कुणाच्या खात्यात जातायत?

प्रत्येक विमा उत्पादनाला एक यूआयएन नंबर असतो. तो पॉलिसीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत असतो आणि आयआरडीएआयच्या वेबसाइटवर शोधता येतो. एजंटने हप्ता स्वतःच्या यूपीआयवर मागितला तर तिथेच थांबा. पैसे कंपनीच्या नावाने, कंपनीच्या लिंकवरून जायला हवेत आणि पॉलिसीची पीडीएफ कंपनीच्या ईमेलवरून यायला हवी. 'सरकारी योजनेत तुमच्या गायीची निवड झाली, 199 रुपये नोंदणी शुल्क भरा' असे मेसेज फिरत असतात. गायीची निवड होत नसते, नोंद होते, आणि ती दवाखान्यात होते.

जनावर गेल्यावर पहिला दिवस

यासाठी तयारी आधीच करून ठेवा, कारण त्या दिवशी घरात कुणाला काही सुचत नाही.

पहिलं, जनावर हलवू नका, पुरू नका आणि टॅग काढू नका. जनावर, टॅगचा नंबर आणि आजूबाजूची जागा यांचे फोटो-व्हिडिओ काढा. लगेच कंपनीला कळवा, टोल फ्री नंबर आणि ईमेल दोन्हीवर, आणि तक्रार किंवा सूचना क्रमांक लिहून घ्या. मग पशुवैद्यकाला बोलवा. मृत्यूचा दाखला आणि गरज असेल तर शवविच्छेदन तेच करतात. नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर जनावराला हातही लावू नका. फाशी हा आजार असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि अशा जनावराचं शवविच्छेदन करत नाहीत. निर्णय डॉक्टरांवर सोडा आणि त्यांनी काय सांगितलं ते लिहून घ्या.

अनुदानाच्या योजनेत क्लेमसाठी चारच कागद ठरवलेले आहेत : कंपनीला दिलेली सूचना, पॉलिसी, क्लेम फॉर्म आणि मृत्यूबद्दलचा पशुवैद्यकाचा कागद. सातवा-आठवा कागद मागितला तर कोणत्या नियमाने ते लेखी विचारा. कागद दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 12 टक्के चक्रवाढ व्याज, अशी तरतूद त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. म्हणून कागद दिल्याची तारीख असलेली पोच घ्याच. पोच देत नसतील तर सगळे कागद स्कॅन करून ईमेल करा, त्याच्यावर तारीख आपोआप येते.

क्लेम नाकारला तर

नाकारल्याचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेल करा. 14 दिवसांत समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, मोबाईलवरून होते. फोनने करायची असेल तर नंबर 155255.

त्यानंतर विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. नंदुरबार जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. दुसरा मार्ग नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. 'ई-जागृती' पोर्टलवरून तक्रार दाखल होते, मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथेही फी लागत नाही, आणि गायीच्या हप्त्याचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही.

तक्रारीसोबत जोडायला तुमच्याकडे काय असेल? टॅगचे मूळ फोटो, कंपनीला कळवल्याचा ईमेल, 1962 चा कॉल लॉग, लसीकरणाची नोंद, कागद दिल्याची पोच. कॉल लॉग फोनमधून काही काळाने पुसला जातो, त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.